वॉकर नाहीये आमच्याकडे

मागच्या सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, केस कसेबसे वर बांधलेले, खांद्याला पिशवी, हॉस्पिटलमधून घरी न जाता थेट वर आलेल्या दिसत होत्या. त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, गुरुवारी घरी सोडणार. म्हणाल्या, "काकांचा वॉकर होता ना हो तुमच्याकडे? महिना-दोन महिन्यांसाठी मिळाला तर फार बरं होईल." आणि मी क्षणभरसुद्धा न थांबता म्हणाले, "अहो नाही, तो देऊन टाकला आम्ही. वॉकर नाहीये आमच्याकडे."

वॉकर माझ्यापासून दहा-बारा फुटांवर उभा होता. गॅलरीत, भिंतीला टेकवलेला, त्याच्या आडव्या दांडीवर माझे पळायचे बूट लेस बांधून उलटे टांगलेले, सकाळच्या पावसानं भिजलेले, त्यांचं पाणी अजून टपकत होतं. मधे पडदा होता म्हणून वहिनींना दिसला नाही, इतकंच. त्या "बरं बरं, असू दे, बघते कुठं मिळतोय" म्हणत खाली गेल्या. आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मान वर केली नाही, काही बोलली नाही, फक्त काड्या बाजूला टाकायचा हात थोडा हळू झाला, आणि मला ते जास्त लागलं.

आपल्याकडे या वस्तू कुणाच्या एकट्याच्या नसतात. वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, बेडपॅन, हे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, पडले तेव्हा कमोडची खुर्ची कोरेगावच्या मावशीकडून आली, तिच्याकडे ती तिच्या नणंदेकडून आलेली, आणि आमच्याकडून पुढे ती आईच्या भजनी मंडळातल्या कुणाकडे तरी गेली. कुणी विचारलं की द्यायचं, वापरून झालं की धुऊन पुसून ठेवायचं, पुढच्याला लागेल. हे मला शिकवायला नको. पाण्याची गादी तर मी स्वतः रिक्षात घालून पोचवून आले होते. मग वॉकरच का नाही? रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते मी. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा ढगात दिसेनासा होत होता, परत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे घाट. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी परत सुरू केलीय, त्यात मंगळवारी यवतेश्वरचा घाट चढायचा असतो. समर्थ मंदिर मागं पडलं की पाच-दहा मिनिटांत रस्ता अंगावर यायला लागतो, एकेका वळणावर गाव खाली खाली जातं, मग धुकं येतं आणि गाव दिसायचंच बंद होतं, नुसता स्वतःच्या श्वासाचा आवाज आणि कठड्याच्या कडेनं वाहणारं पाणी. या दिवसांत दोन्ही बाजूंना तेरडा फुलतो, गुलाबी, ओला, हात लावला तर बोटाला थंड लागतो. वर पोचले की मी पळत खाली येत नाही. उतारावर प्रत्येक पावलाला नडगीवर जो दणका बसतो तो चढापेक्षा कितीतरी जास्त, आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमनी अजून उताराला परवानगी दिलेली नाही. म्हणून मी वर थांबते आणि बामणोलीची मुक्कामी गाडी सकाळी साताऱ्याकडे परत येते, तिला हात करते. महिलांना अर्धं तिकीट. अंगातून वाफा निघत असतात, कपड्यांना घामाचा आणि पावसाचा वास, शेजारी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कुणाच्या तरी मांडीवर टोपलीत कोंबडी. मी शक्यतो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते.

ही गाडी आप्पा चालवायचे.

म्हणजे हीच नव्हे, तेव्हाची लाल डब्बा, पण याच रस्त्यावर, किती वर्षं तरी. नंतर दहिवडी, नंतर मुंबई, पण त्यांचा जीव बामणोली गाडीवर. लहानपणी सुट्टीत मला घेऊन जायचे, मी इंजिनाच्या बॉनेटवर बसायची, खालून चटके बसायचे तरी उठायची नाही. घाट सुरू व्हायच्या आधीच, रस्ता अजून सपाट दिसतोय तेवढ्यात, ते गिअर बदलायचे. मी एकदा विचारलं, आत्ता का? तर म्हणाले, "चढ लागायच्या आधी गिअर टाकायचा बाळा. चढात मधी टाकाया गेलं की गाडी मागं येती." मी पळायला लागल्यावर घाटात मला हे वाक्य दर वेळी आठवायचं आणि पहिल्या वळणाच्या अलीकडेच पावलं लहान करायचे. ग्रुपमधल्या पोरांना वाटायचं कुठल्या तरी कोचिंगच्या व्हिडिओत बघितलंय.

मी पळायला लागले तेही त्यांच्यामुळेच. १५ ऑगस्ट २०१६ ची संध्याकाळ, रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता बाबरची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल. माणमधल्या मोहीची पोरगी, आणि आप्पांनी दहिवडीच्या गाड्या चालवलेल्या, त्यामुळे ती त्यांच्या लेखी घरचीच. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर एकटीच्या शर्यतीत फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. आप्पा टीव्हीपुढं उभे. बसा म्हटलं तर बसेनात. ती दहावी आली. मला वाटलं हळहळतील, पण त्यांनी टीव्ही बंद केला, डोळे पुसले आणि म्हणाले, "जगात दहावी आली की गं." पुढच्या वर्षी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. तेव्हा पस्तिशीत होते, शाळेनंतर कधी पळालेली नव्हते. एकवीस किलोमीटर, अर्धे घाट चढून आणि अर्धे उतरून, पोहोचायला तीन तास लागले, आणि पोलिस परेड ग्राउंडवर आप्पा हातात केळी आणि कंदी पेढ्यांची पुडी घेऊन उभे होते.

हे सगळं सांगायचं कारण, नंतरची गोष्ट मला सरळ सांगता येत नाही.

मागच्या श्रावणात आप्पा पडले. उजवा खुबा. बॉल बदलला. दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं केलं, वॉकर धरून चार पावलं. हॉस्पिटलच्या बाहेरच्या मेडिकलमधून मी तो वॉकर घेतला, ॲल्युमिनियमचा, दुमडणारा, चार पाय, प्रत्येक पायाला उंची कमी-जास्त करायची बटणं आणि खाली राखाडी रबरी बुश. मी आप्पांसमोर मांडी घालून बसून बटणं दाबून चारी पाय चौथ्या भोकावर आणले, त्यांचे कोपर किंचित वाकलेले राहतील इतपत. त्याच महिन्यात मी मुंबई फुल मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन करून बसले होते. हाफ बऱ्याच झाल्या होत्या, बेचाळीसची पहिलीच. सोळा आठवड्यांचा प्लॅन फ्रिजवर चिकटवलेला. आणि माझ्या डोक्यानं काय केलं, तर दोन्ही कामं एका वहीत लिहायला घेतली. डाव्या पानावर माझे किलोमीटर, उजव्या पानावर आप्पांच्या फेऱ्या. बेडरूमपासून गॅलरीपर्यंत त्यांची चौदा पावलं व्हायची. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग चार, मग सहा. दर आठवड्याला आकडा वाढलाच पाहिजे, त्यांचाही आणि माझाही. ती वही सुंदर दिसायची. मला रात्री ती उघडून बघायला फार आवडायचं, कारण दिवसभरात दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं, कॉलेजच्या तासिकांचं मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं, हॉस्पिटलचं बिल भावानं भरलेलं, आईचं बीपी वर-खाली. त्या दोन पानांवर मात्र सगळं चढत होतं.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ आहे. आप्पांच्या आठ फेऱ्या झाल्या होत्या, दहा करायच्या होत्या. ते वॉकर धरून पॅसेजच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, "आज नको गं. आज दमलोय." मी हातात वही घेऊन उभी होते. मी म्हणाले, "आप्पा, दमलं तरी चालायचं असतं. मी नाही का पळत?" ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, दुःखानंही नाही, म्हणजे प्रवासी चुकीच्या ठिकाणी घंटी मारतो तेव्हा ड्रायव्हर आरशात बघतो ना तसं. मग काही न बोलता वळले आणि उरलेल्या दोन फेऱ्या केल्या. टक्, घसर, टक्, घसर. मी वहीत १० लिहिलं.

डॉक्टर म्हणायचे चालवा, जेवढं चालतील तेवढं चांगलं, झोपून राहिले तर छातीत कफ साठेल. त्यामुळे मी चुकीचं करत होते असं कुणी म्हणणार नाही. पण ते वाक्य मी त्यांच्या पायासाठी बोलले नव्हते. वहीतला आकडा चुकायला नको म्हणून बोलले होते, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझा पाय त्याच सुमाराला दुखायला लागला. डावी नडगी, आतल्या बाजूनं, घोट्याच्या चार बोटं वर. आधी पळून आल्यावर, मग पळताना पहिले दोन किलोमीटर, मग जिने उतरताना, मग रात्री झोपेत. एका बोटानं दाबलं की नेमका तोच ठिपका, जरा बाजूला दाबलं तर काही नाही. ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांनी शिन स्प्लिंट सांगितलं, बर्फ लाव, सॉक्स घाल. मी बर्फ लावला, स्प्रे मारला, आणि पळत राहिले. खरं सांगायचं तर पहाटेचे ते दोन-तीन तास ही एकच जागा होती जिथं मला कुणी हाक मारत नव्हतं, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती. सगळ्यात आधी ओळखलं आप्पांनी. सकाळी मी वर आले, ते खुर्चीत चहा घेत होते, म्हणाले, "तुझा पाय वाजतोय गं." म्हटलं, म्हणजे? "जिन्यावर आवाज येतो. एक पाय हलका टाकतीयास. गाडीचा एक टायर झिजला की आसाच आवाज येतो." मी म्हटलं, काही नाही आप्पा, थोडं आखडलंय. त्या रविवारी बत्तीस किलोमीटरचा लाँग रन होता. सव्वीसला पाय टेकवेना. हायवेच्या कडेला दगडावर बसले आणि ग्रुपमधल्या एकाला गाडी घेऊन बोलावलं.

एक्स-रे साफ. मग एमआरआय. त्यात तो तडा दिसला, केसाएवढा, आजूबाजूला हाडाच्या आत सूज. स्ट्रेस फ्रॅक्चर. रक्तात डी व्हिटॅमिन अकरा, म्हणजे हवं त्यापेक्षा बरंच कमी, दर आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी दुधातून आठ आठवडे. फिजिओ मॅडमनी फाइलच्या मागच्या बाजूला पेननं चित्र काढून समजावलं ते मला अजून पाठ आहे. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवीन भरतं. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला तीन महिने तरी. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच माणसाचा दम वाढलेला असतो. छाती म्हणते पळ, पाय भरून आलेला नसतो. मॅडम म्हणाल्या, तुमचं हृदय तयार होतं हो, हाडाला तुम्ही वेळच दिला नाहीत. मी मान हलवली आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून रडले, मॅरेथॉनला चार आठवडे राहिले होते.

घरी आले तेव्हा आप्पा काठीवर आले होते, नुकतेच, तीन-चार दिवस झाले होते. मला डावा पाय टेकवायचा नव्हता. त्यांनी स्वतः उठून, काठी टेकत टेकत, कोपऱ्यातला वॉकर माझ्यापुढं सरकवला. "आता तू घे." उंची बदलावी लागली नाही, आम्ही बापलेक सारख्याच उंचीचे. दोन आठवडे मी तो वापरला, तेव्हा कळलं की पॅसेजमध्ये फरशीची एक कड वर आलीय आणि वॉकर दर वेळी तिथं अडतो, आणि गॅलरीच्या उंबऱ्याला पुढचे पाय आधी उचलून टाकावे लागतात, तेवढ्यात तोल जातो. आप्पा हे सगळं तीन-चार महिने करत होते आणि मी लिहीत होते नुसता आकडा. त्यांनी मला एकदाही मोजून दाखवलं नाही. एकदा मात्र म्हणाले, "उंबऱ्याशी थांब जरा. घाई न्हाई कुणाला."

मॅरेथॉनच्या रविवारी पहाटे मला जाग आलीच. सीएसएमटीवरून सुटायची वेळ झाली होती. आप्पाही जागे. दोघं हॉलमध्ये बसलो, त्यांचा उजवा पाय स्टुलावर, माझा डावा पाय स्टुलावर, आईनं दोघांच्या मधे एकच शाल टाकली. मोबाइलवर ग्रुपमधल्या तिघांचे बिब नंबर टाकून ठेवलेले, एकेक टप्पा पार केला की दिसायचं. आप्पा दर दहा मिनिटांनी, "आता कुठं पोचले?" मरीन ड्राइव्ह. हाजी अली. सी लिंक. परतीला पेडर रोडचा चढ लागतो, पस्तीसच्या पुढं, पाय संपलेले असताना, तिथं लोक रस्त्यावर येऊन संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ हातावर ठेवतात, असं मी सांगितलं तर म्हणाले, "मग पुढच्या वर्षी मी येतो पेडर रोडला संत्री घेऊन." तिघंही पोहोचले. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मला खूप आनंद झाला आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की उठून बाथरूममध्ये जावंसं वाटलं, पण वॉकर लांब होता म्हणून तिथंच बसून राहिले.

फेब्रुवारीत त्यांना ताप आला, न्यूमोनिया, नऊ दिवस. दहाव्या दिवशी आम्ही तिघंच घरी परत आलो, आई, भाऊ, मी.

त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. पाय मार्चमध्येच बरा झाला होता, पळायची परवानगी मिळाली होती, मी पळाले नाही. जूनमध्ये कॉलेजमधून कळलं की यंदा वर्कलोड बसत नाही, त्यामुळे तासिका नाहीत. अकरा वर्षं भूगोल शिकवला, आणि एका फोनवर संपलं, तोही ऑफिसमधल्या क्लार्कनं केला, बिचारा सारखा "मॅडम, माझ्या हातात नाही" म्हणत होता. आता घरी शिकवण्या घेते, दहावीची सात मुलं.

शिकवण्या सुरू झाल्या त्या आठवड्यात मी बूट घातले. एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं सहा वेळा, एक दिवसाआड. म्हणजे अर्ध्या तासात सहा मिनिटं पळणं. तीस किलोमीटर पळालेल्या माणसाला सहा मिनिटं म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल, पण मला पहिल्याच मिनिटाला पोटात गोळा आला, प्रत्येक पाऊल टाकताना नडगीकडे कान. दुखलं नाही. घड्याळ वाजलं, चालायला लागले, आणि चार मिनिटं चालताना लक्षात आलं की मी मनात मोजतेय, एक, दोन, तीन, चौदा झाले की परत एकपासून. आमची फेरी. मी रस्त्याच्या कडेला थांबले. भाजीची हातगाडी लावणाऱ्या मावशी ताडपत्री सोडत होत्या, त्यांनी काही न विचारता प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली.

तेव्हापासून वही नाही. प्लॅन मॅडम देतात, मी पळते, घड्याळ काय दाखवायचं ते दाखवतं, लिहीत नाही. आठवड्याचे किलोमीटर कधी कधी कमीही होतात. शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा असल्या की एखादा दिवस जातो. सप्टेंबरातल्या हिल मॅरेथॉनला यंदा पळणार नाहीये, तो उतार अजून झेपायचा नाही, घाटातल्या पाण्याच्या टेबलाला उभी राहणार आहे. जानेवारीचं रजिस्ट्रेशन केलंय. होईल की नाही, माहीत नाही. पूर्वी असं वाक्य मला उच्चारताच आलं नसतं.

आणि तरीही सोमवारी मी दारात उभी राहून खोटं बोलले.

मंगळवारी एसटीतून उतरून घरी आले, गॅलरीत गेले, पायातले बूट काढले आणि वॉकर पहिल्यांदाच आडवा करून नीट बघितला. हँडलच्या फोमवर उजव्या अंगठ्याची खोलगट खूण. मग पाय. चार बुशांपैकी तीन साधारण सारखे झिजलेले. पुढचा डावा मात्र तिरका, बाहेरच्या बाजूनं पार गेलेला, आतल्या धातूची कड दिसेपर्यंत, आणि रबराच्या कापावर आमच्या पॅसेजच्या फरशीची लालसर पूड बसलेली. आप्पांचा उजवा खुबा, त्यामुळे सगळा भार डावीकडे. माझा पाय डावा, माझं वजन उजवीकडे पडायचं. म्हणजे ही झीज निव्वळ त्यांची होती. चौदा पावलं, दोन फेऱ्या, चार फेऱ्या, आठ फेऱ्या, आणि त्या संध्याकाळच्या शेवटच्या दोन. मी फरशीवर बसून तो बुश बोटांनी चाचपत राहिले. वही मी वर्षश्राद्धापर्यंत ठेवायची म्हणून कपाटात बांधून ठेवलीय, पण वहीत माझं अक्षर आहे. त्यांचं जे काही आहे ते या दोन सेंटीमीटर रबरावर होतं. ते दुसऱ्याच्या फरशीवर घासून जाणार, वहिनींच्या सासूबाई डावीकडे झुकतील की उजवीकडे, आठवड्याभरात ती तिरकी कड राहणार नाही, हे मला सोमवारी दारात उभं असताना न बघताच कळलं होतं बहुतेक. की दुसरंच कारण होतं, ते मी अजून नक्की सांगू शकत नाही. माफी मागायला कुणीतरी समोर लागतं, आणि समोर आता हाच होता.

आई मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिनं माझ्या हातातला बुश बघितला. म्हणाली, "झिजलाय की गं. असला कसा देणार कुणाला, त्या घसरतील." बस, एवढंच. कालच्या खोट्याबद्दल चकार शब्द नाही. मग म्हणाली, "चारी बदलून आण. आणि हे इकडं दे."

पोवई नाक्याजवळच्या सर्जिकलच्या दुकानात चारचा सेट मिळाला, दीडशे रुपये. जुने निघता निघेनात, गरम पाण्यात बुडवून पिळून काढावे लागले, नवीन बसवताना साबण लावला. बटणं दाबून उंची दोन भोकं खाली घेतली, वहिनींच्या सासूबाई ठेंगण्या आहेत. चौथ्या भोकाच्या आजूबाजूला पाइपवर काळी वर्तुळं पडली होती, ती पुसली नाहीत. गुरुवारी दुपारी खाली घेऊन गेले. वहिनींना म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. होता आमच्याकडे. आप्पांचा होता म्हणून देववेना." त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं? वॉकर आला का?"

त्यांना उभं करायला मीही थांबले. पहिल्यांदा उंबरा दाखवला. म्हटलं, इथं थांबायचं आजी, आधी पुढचे पाय टाकायचे, मग तुम्ही. त्या दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "बास आता." मी खुर्ची पुढं ओढली.

वर आले तर आईनं जुने बुश धुऊन, दाराजवळच्या चपलांच्या स्टुलाला बसवले होते. स्टूल लोखंडी, पाइप नेमका त्याच जाडीचा निघाला. फरशीवर कधीपासून कर्कश घासायचं ते, आता आवाज येत नाही. पहाटे पावणेपाचला दिवा न लावता मी त्याच्यावर बसून लेस बांधते. ते डावीकडे किंचित कलतं.